येऊन बघा

"हात वर कर," वॉर्डची प्रमुखबाई म्हणाली.

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या ज्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे, तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये. सगळ्यांसमोर. मी उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला आणि अडकला.

"आणखी वर. विमावाल्यांना फोनवर तर गूट म्हणालीस."

कुणीतरी हसलं. आजी-आजोबांचे सुपाचे चमचे थांबले. मी दात आवळून हात वर रेटला. खांद्यातून कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, जातोय की," ती म्हणाली आणि मला पुन्हा पेशंट उचलायच्या कामाला लावलं.

खांदा याच कामात गेला होता. एक जाडजूड आजोबा पलंगावरून घसरत होते. मी एकटी. उचलायचं यंत्र कुलपात. त्यांना पडू दिलं नाही, पण माझ्या खांद्याचा स्नायू फाटला. कामावरचा अपघात, म्हणून उपचार विम्याकडून. विमा कंपनीतला एक माणूस फोन करून विचारायचा, "कसं आहे?" मी म्हणायची, "गूट, डांके." छान आहे, धन्यवाद. सांगलीहून आईने विचारलं तरी मी मजेतच असते. आमच्या घरात बायका दुखणं सांगत नाहीत. बाळंतपणातही ओरडायचं नाही, असं वळण. ते वळण घेऊनच मी इथे आले. त्या माणसाने माझं गूट खरं मानलं, मी बरी झाले असं वृद्धाश्रमाला कळवलं आणि उपचार बंद केले.

हॉलमधल्या त्या तमाशानंतर खांदा इतका सुजला, की विम्याने एक नर्स पाठवली. तिलाही मी गूट म्हणाले. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. म्हणाली, "मला जरा पाणी द्याल?" मी पाण्याचा जग डाव्या हाताने उचलला. ते तिने पाहिलं. मग माझ्यामागे वॉर्डभर फिरली. कुलूप काढायला लावून यंत्र बाहेर आणवलं. डॉक्टरांकडे माझ्याशेजारी बसली. मी गप्प झाले की ती बोलायची. उपचार पुन्हा सुरू झाले, हात हळूहळू वर येऊ लागला. माझ्या बोलण्यावर न जाता माझ्याकडे बघणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

मग तिच्या फेऱ्या बंद झाल्या. येण्याजाण्यात वेळ जातो, म्हणे. पुन्हा तोच फोन, पुन्हा माझं तेच गूट. मेली सवय सुटतच नव्हती. उपचार थांबले, यंत्र कुलपात गेलं, खांदा आखडला. आता पूर्ण मोकळा होणार नाही, असं डॉक्टर सांगतात. मला माझी वेणी घालता येत नाही.

काल कामावर असताना विम्याच्या त्या माणसाचा फोन आला. प्रमुखबाई शेजारीच उभी होती.

"कसं आहे?"

गूट जिभेवर आलं होतं. गिळलं.

"फोनवर सांगणार नाही. येऊन बघा."

"हे बघा, आमचं कुणी आता येत नाही."

"मग मी बरी आहे असंही लिहू नका."

मी फोन ठेवला. प्रमुखबाईने कोपऱ्यातल्या आजींच्या पलंगाकडे बोट दाखवलं. "चल, उचल त्यांना."

"यंत्र काढा. हाताने उचलणार नाही."

नोकरी बहुतेक जाईल. खांदा तर गेलाच. बघायला कुणी येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. घरी येऊन आईला फोन केला आणि दुखतंय म्हणून सांगितलं. तिने जेवलीस का म्हणून विचारलं. विचारू दे. दुखतंय तोवर दुखतंय असंच म्हणेन, आणि कुणी सांगितलं म्हणून हा हात वर करणार नाही.