शी मामांचं गोणपाट

शी मामांना सगळ्या जगाची किळस यायची. चहावरची साय, पॅसेंजरच्या केसांतलं तेल, हॉटेलातलं टेबल पुसायचं फडकं, कशाचंही नाव काढा, त्यांचा वरचा ओठ एका बाजूला चढायचा आणि तोंडातून 'शी' निघायचं. शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंडला त्यांची वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन फेऱ्या मारणारी जीप चालायची. मी दौंडच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे, त्यामुळे रोजचं जाणंयेणं त्यांच्याच जीपनं. एवढ्या शिसारीच्या माणसाची जीप मात्र त्या रस्त्यावरची सगळ्यात घाणेरडी होती. दारावर तंबाखूच्या पिचकाऱ्यांचे ओघळ, सीटखाली मळकी फडकी, आणि बॉनेटखाली ते गोणपाट.

जुना डिझेल पंप तापला की बंद केलेली गाडी पुन्हा लवकर चालू होत नाही. त्यावर मामांचा उपाय ठरलेला होता. न्हावऱ्याला थांबलं की गोणपाटाचा तुकडा म्हशींच्या हौदात बुचकळायचा आणि तसाच निथळता पंपावर टाकायचा. तो तुकडा कधी धुतला नाही की बदलला नाही. डिझेल, शेवाळ आणि कुजलेला ताग यांचा तो वास नुसता आठवला तरी आजही मळमळतं. आम्ही बाया नाकाला पदर लावायचो. मामा म्हणायचे, "बाई, तापल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवता का न्हाई? मग?" आणि गाडी खरोखरच चालू व्हायची.

टाकी ते कधी भरत नसत. पूर्वी कुणीतरी त्यांच्या टाकीत नळी घालून, तोंडानं ओढून डिझेल चोरलं होतं. चोरीचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण उरलेल्या डिझेलमध्ये त्या माणसाची थुंकी असणार, या कल्पनेनं त्यांनी दोन दिवस जेवण टाकलं. तेव्हापासून टाकीत रोज लागेल तेवढंच, तळाला हलेल इतपत.

या सगळ्या घाणीत एक गोष्ट मात्र लख्ख होती. मामांच्या जीपमधल्या माणसाची दौंडला रेल्वे कधी चुकली नव्हती. हे ते रोज सांगायचे आणि रोज खरं करून दाखवायचे.

दोन हजार सालानंतर त्यांनी नवी गाडी घेतली. तिच्या पंपाच्या डोक्यावर एक चपटी काळी डबी होती. डिझेल किती सोडायचं ते ती डबी ठरवते, असं शोरूमच्या माणसानं समजावलं. ती नाजूक असते, आतून वाहणाऱ्या डिझेलनंच थंड राहते, म्हणून टाकी भरलेली ठेवा, वर काही झाकू नका. मामांनी डबीकडे पाहून ओठ चढवला. "शी. पंपाला गळू झाल्यागत दिसतंय," म्हणाले, आणि जुन्या गाडीतलं गोणपाट काढून त्या गळवावर ठेवलं.

त्या चैत्रात आमच्या वस्तीतली सुजाता नर्सिंगच्या कोर्सला नागपूरला निघाली होती. वस्तीतून एवढ्या लांब शिकायला जाणारी ती पहिलीच. दुसऱ्याच दिवशी तिला तिथं हजर व्हायचं होतं, म्हणजे ही रेल्वे चुकली की जागा गेली. न्हावरा सोडून थोडं पुढं गेलो आणि चालत्या गाडीचं इंजिन एकदम बंद पडलं. मामांनी बॉनेट उघडलं. न्हावऱ्याला भिजवलेलं गोणपाट इंजिनच्या धगीनं केव्हाच वाळून कडक झालं होतं आणि गोधडीसारखं डबीला घट्ट बसलं होतं. हात लावला तर चटका. पाणी मारून झालं, सेल्फ मारून झाला. काही नाही.

रस्त्यानं एकच वाहन आलं, कोंबडखताचा ट्रक. तो यायच्या आधी त्याचा वास आला. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या घरच्या बाया होत्या, कशीबशी दोघींना जागा झाली. सुजाताला आणि मला आत बसवून मामा तिची पेटी घेऊन वर, खताच्या ढिगावर जाऊन बसले. दौंडला उतरले तेव्हा भुवयांपर्यंत माखले होते, आणि माशा त्यांच्याबरोबर प्लॅटफॉर्मवर आल्या. रेल्वे उभी होती. पेटी आत ढकलून ते म्हणाले, "जा पोरी. आन् हात धूत जा."

गाडी ओढून शिरूरला आणली, तेव्हा मीही गॅरेजवर होते. मेकॅनिकनं सांगितलं, टाकीत तळापुरतंच डिझेल, तेच तापून पुन्हा पुन्हा पंपातून फिरत होतं, आणि वरून हे पांघरूण. डबी आतून भाजली आहे, दुरुस्त होत नाही, आख्खा पंपच बदलावा लागेल. मामा शोरूमला शिव्या घालतील, कंपनीच्या नावानं थुंकतील, म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी ते गोणपाट उचललं, नाकाशी नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "शी. ह्यो तर माझाच वास हाय."

गाडी मिळेल त्या किमतीला विकली. दुसरी त्यांनी घेतली नाही. सुजाता नर्स झाली, गावी आली की त्यांना भेटायची. मामा न्हावऱ्याच्या स्टँडवर बसून असत, स्वच्छ शर्टात. 'शी' मात्र तोंडातून निघत नसे.

एकदा मी मुद्दाम त्यांच्यासाठी चहा मागवला आणि वर जाड साय धरेपर्यंत तसाच ठेवला. मला ते 'शी' पुन्हा ऐकायचं होतं. मामांनी कप घेतला, साय न काढता पूर्ण प्यायले आणि म्हणाले, "चांगला हाय, बाई."

त्या कुजक्या गोणपाटानं जेवढं मळमळलं नव्हतं, तेवढं त्या 'चांगला हाय'नं मळमळलं.