दोन बटणांची प्रेस

पत्रा ठोकून कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली सापडलेली बोटं तुटून खाली पडत नाहीत, ती पत्र्याला चिकटतात. माझ्या मावसभावाची, दादाची, डाव्या हाताची तीन बोटं शिरोलीच्या कारखान्यात अशीच पत्र्यावरून खरवडली. मग प्रेसचा साचा, म्हणजे डाय, पुसला आणि त्याच पाळीला त्याच प्रेसवर दुसरा माणूस उभा केला. वाचून कुणाला मळमळत असेल तर मळमळू दे. मी तेव्हा कामगारांची पत्रकं लिहायचो, फाटकावर वाटायचो. असलं काही लिहिलं की आमचेच वडीलधारे म्हणायचे, जरा सौम्य करा. काय सौम्य करायचं?

प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हात बटणांवर असले तरच ठोका खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण त्या कारखान्यात डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या रबरानं कायमचं दाबून बांधलेलं असायचं. उजव्या हातानं बटण मारायचं, डाव्यानं माल सरकवायचा. काम झपाट्यानं होतं. मालकानं नेमकं त्या रबराकडे बोट दाखवलं. 'बटण मी स्वतः बांधलं, चूक माझी' असं दादाच्या नावानं लिहून सुपरवायझरला दवाखान्यात पाठवलं, उरलेल्या हाताची सही घ्यायला. सही झाली की दादाला हाकलायला मोकळे.

"आदी आम्ही रबर बांधून बघितलेलं की!" दादा पलंगावरनं माझ्यावर ओरडला. "मशीन हलायचंच न्हाय. मग मालकानं पॅनेलमधली चिप बदलून आणली आणि ह्याच सुपरवायझरनं रबर वाटलं. तोच आता माझी सही मागतोय!"

बोटाच्या पेराएवढी काळी चिप. ठोका कधी मारायचा याचा प्रोग्रॅम तिच्यात. कारखान्याच्या आवारात त्याच बनावटीची एक मोडकी प्रेस गंजत पडली होती, तिच्यात जुनी चिप तशीच होती. दादाच्या प्रेसवरच्या जोडीदारानं ती काढून डब्यात, भाकरीखाली घालून आणली.

शाहूपुरीत मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणारा एक गडहिंग्लजकडचा माणूस होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. त्याच्याकडे पत्त्यांच्या कॅटाएवढा, चिप वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्रॅमर होता, यूएसबीच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेला. अण्णानं चिप सॉकेटात ठेवून खटका पाडला.

"चिपची खाच वर पायजे. उलटी बसली की जळाली, मग बसा बोंबलत."

जुन्या चिपमधला प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर आला. अण्णानं तो एका कोऱ्या चिपमध्ये लिहिला, पुन्हा वाचून ताडून बघितला. "घ्या. हिला रबराचा राग हाय. डावं बटण सुटून परत दाबल्याबिगर ही ठोकू देत न्हाय."

खंडेनवमीला मशीनं बंद असतात, धुतली जातात, पॅनेलची दारंही पूजेला उघडतात. जोडीदारानं पुसता पुसता चिप बदलली. त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात, म्हणून मी आत होतो. दादा बँडेज गळ्यात अडकवून आलेला. मालकानं नारळ फोडला. पहिला ठोका मालकाच्या हातचा, हा तिथला रिवाज. डाव्या हातात आरतीचं ताट. रबर सोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, उलट त्याच्यावरच झेंडूची माळ घातली होती. मालकानं उजवं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं.

"लाईट हाय का बघ रे!"

लाईट होती.

"मालक, रबर सोडा," दादा मागून म्हणाला. "दोन्ही हातांनी दाबा."

"तू गप रं!"

पण बायको बघत होती, पावणं बघत होते. मालकानं ताट बायकोकडे दिलं, माळ तोडली, रबर ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. ठोका असा बसला की खालची फरशी हादरली.

"बघितलंसा सगळ्यांनी?" दादा किंचाळला. "पॅनेलमध्ये जुना प्रोग्रॅम हाय आज! ह्याच्यावर रबर बांधून मशीन चालतच न्हाय. मग माझी बोटं कुणी खाल्ली?"

सुपरवायझरनं पूजेतला पाना उचलला. हळदकुंकू लावलेला पाना माझ्या तोंडावर बसला. दोन दात मी गिळले की थुंकले, आठवत नाही. दादाला खाली पाडून त्याच्या बँडेजवरच लाथा घातल्या. पांढरं कापड लाल झालं, मग काळं. चिप उपटली आणि पूजलेल्या हातोडीनं तिचा भुगा केला. मालकीणबाई ताट घट्ट धरून उभ्या होत्या. आरती विझली नव्हती.

दसऱ्यानंतर पाळी सुरू झाली, तेव्हा प्रेसवर कुणी उभंच राहिना. रबरं कापून सुपरवायझरच्या टेबलावर टाकलेली. आधी जुन्या प्रोग्रॅमच्या चिपा, मग काम.

शेवटी सुपरवायझर अण्णाच्या दुकानात आला. मी तोंडाला टाके घेऊन तिथंच बसलो होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"तो प्रोग्रॅम... कॉपी हाय का?"

"हाय की. तुमी चिप फोडली, कॉम्प्युटर न्हाय," अण्णा म्हणाला. "बसा पावणं. त्या पोराची सही मागत हिंडताय, तो कागद आणलाय काय?"

"तो कशाला?"

"फाडा माझ्यासमोर. मग खाच वर करतो."

त्यानं खिशावर हात ठेवला. मग कागद काढला आणि फाडला. टेबलावर सोल्डरिंगची गन तापलेली होती. ती उचलून त्याच्या हातावर टेकवावी असं मला वाटलं. आजही वाटतं. अण्णानं गन माझ्यापासून लांब सरकवली आणि पहिली कोरी चिप सॉकेटात ठेवली.