चेनचं उलटं लॉक

धायरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या रमाकाकूंनी एक खोललेली मोटरसायकल लिफ्टमधून थोडी थोडी करून तिसऱ्या मजल्यावर आणली आणि सोफा बाहेर काढून हॉलमध्ये मांडली. सोसायटीच्या चेअरमननी हे काय चाललंय म्हणून विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "सोफा विकायचाय. घेताय?"

गाडी त्यांच्या यजमानांची, गौतमकाकांची. निवृत्तीनंतर नव्यासारखी करायची म्हणून त्यांनी ती पार्किंगमध्ये पार उघडली आणि त्याच आठवड्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. बोलत राहिले नाहीत तर वाचाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण काका भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एकदाच म्हणाले, "भंगारात दे."

काकूंची उभी हयात सरकारी कचेरीत गेलेली. पाना कधी हातात धरलेला नाही. त्या हॉलमधल्या काकांच्या पलंगाशेजारी बैठक मारून नट पिळू लागल्या. पहिल्याच दिवशी ब्रेकचा लायनर उलटा बसवला. भिंतीकडून आवाज आला, "अगं, मोडशील." काका या कुशीवर वळले होते. मग हे रोजचंच झालं. काकू चुकायच्या आणि काकांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मला काकूंची दया यायची.

सुट्टीच्या दिवशी मी चाक धरायला जायचे. एका दुपारी काकांचा डोळा लागला होता. काकूंनी चेनची दोन टोकं जोडणारं बारकं लॉक उचललं, त्याची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला केली आणि पकडीने एका झटक्यात बसवलं. अगदी अचूक. मी बघतच राहिले. तेवढ्यात काका खाकरले. काकूंनी लॉक काढलं, उलटं केलं आणि परत बसवलं.

"कालच सांगितलं ना? डोकं कुठंय तुझं?" काका कडाडले. काकूंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. चेअरमनलाही तोडीस तोड उत्तर देणारी ही बाई! एवढं मोठं माणूस मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

त्या चहा टाकायला आत गेल्या. काकांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

"हिला सगळं येतं," ते हळूच म्हणाले. "मी झोपेचं सोंग घेऊन बघतो."

"मग ओरडता कशाला, काका?"

"मी आजारी पडल्यापासून ती रात्रभर डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघत पडायची. मी ओरडलो, की त्या रात्री झोपते."