उलट्या पिसांची कोंबडी

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. उठतो, अंगणात येरझाऱ्या घालतो. बायको विचारते, "काय झालं आता?" तिला काय सांगू, कोंबडी आठवली म्हणून?

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं आणि मी बोईसरला फौजदार होतो. रोज काही ना काही चोरी. सळया गेल्या, सिमेंट गेलं, कामगारांच्या वस्तीत मारामारी झाली. त्यात मी मुळातच उतावळा माणूस. एक काम हातावेगळं झाल्याशिवाय मला घास गोड लागत नाही, आणि तिथे एकही काम हातावेगळं होत नव्हतं.

अशात एका सकाळी एक निवृत्त कंपाउंडर कोंबडी चोरीला गेल्याची खबर द्यायला आले. ठाणे अंमलदारानं लेखणी खाली ठेवली आणि तो खुशाल हसला. "काका, एव्हाना रश्श्यात गेली असेल हो ती!"

"हसा तुम्ही," कंपाउंडर कडाडले. "ती गेली तर तिच्या जातीचं नावसुद्धा राहणार नाही इथे!"

मी त्यांना आत बोलावलं. माणूस एकटा, पण घर कोंबड्यांनी भरलेलं. कोणाच्या डोक्यावर तुरा, कोणाच्या पायांना पिसं, कोणाचं अंग रेशमासारखं मऊ. कुठून कुठून अंडी आणून त्यांनी ती घरीच उबवली होती. चोरीला गेली ती उलट्या पिसांची. तिचं प्रत्येक पीस शेपटीकडे न जाता डोक्याकडे वळलेलं. तिच्या जोडीचा कोंबडा नुकताच मानमोडीच्या रोगानं मेला होता, आणि त्याच्यापासूनची शेवटची अंडी ती उबवत होती. पहाटे कोणीतरी तिलाच उचललं होतं. कंपाउंडरांनी अंडी घाईघाईनं आपल्या उबवणीच्या पेटीत ठेवली. साधी लाकडी पेटी, खाली कंदील. "पण कंदिलाचं काय खरं असतं, साहेब? वात चढली तर अंडी शिजतात, विझली तर गार पडतात. ती फुटायला आठवडाही राहिलेला नाही."

खबर लिहून घेतली, ते गेले. दुपारी पुन्हा हजर. घाम पुसायचंही भान नव्हतं.

"साहेब, अंडीही नेली! मी इथे तुमच्यासमोर बसलो होतो तेवढ्यात!"

सकाळी हसलेल्या अंमलदारानं आता लेखणी उचलली. कोंबडी चोरणारा खाण्यासाठी चोरतो, हे समजतं. पण आत जीव धरलेली अंडी कोण खाणार? आणि ज्या घरात पहाटे चोरी केली, तिथे भरदिवसा परत जाण्याचा मूर्खपणा कोणता चोर करतो? मोठ्या चोऱ्यांचे कागद समोर पडलेले आणि माझ्या डोक्यात अंडी. यात एका लहान पोरीचा जीव अडकला आहे, हे तेव्हा आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

कंपाउंडर रोज येऊन बाकावर बसत. नुसते बसत नसत. उठत, दारापर्यंत जात, परत येत. अख्खं ठाणं त्या माणसानं अस्वस्थ करून सोडलं.

खबर मिळाली ती बाजारात. सुकी मासळी विकणारी एक कोळीण माझ्या हवालदाराला म्हणाली, "आमच्या नवापूरचा एक जन बाजारभर विचारत फिरत होता, उलट्या पिसांची कोंबडी कोनाकडं हाय म्हनून. भगतानं सांगितलंय त्याला. तुमी मला नाय बघितलं हां!"

भगत म्हणजे गावातला देवदेवस्की करणारा. असली कोंबडी आजारी माणसावरून उतरवून कापली की दुखणं निघून जातं, असं त्या भागात मानत. मी त्या माणसाला ठाण्यात आणवलं. तिशीचा मच्छीमार, दोऱ्या ओढून हात सोललेले. मी विचारायला लागलो तर एकच पालुपद.

"मला काय म्हाईत नाय, साहेब. मला घरी जाऊ द्या."

"बाजारात कोंबडी कशाला शोधत होतास?"

"शोधत होतो. गावली नाय. मला जाऊ द्या ना."

बोलताना नजर सारखी दाराकडे. दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिला. नाही म्हणजे नाही. शेवटी माझाच संयम सुटला. टेबलावर हात आपटून मी म्हणालो, "कशाला उगाच वेळ घालवतोस? कोंबडी कापून मोकळा झालास तू! भगताच्या पायाशी टाकलीस तिची मुंडी, बोल!"

तो ताडकन उभा राहिला. डोळे लाल झाले होते.

"खुडूक बसलेली कोंबडी कोन कापतो, साहेब? आमी काय मानसं नाय?"

मी पहिल्यापासून नुसतं 'कोंबडी' म्हणत होतो. ती अंड्यांवर बसलेली होती, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याच्याही ते लक्षात आलं आणि तो मटकन खाली बसला.

मग सगळं बाहेर आलं. पोरगी तापानं फणफणलेली, ताप उतरायचं नाव नाही. भगतानं कोंबडी सांगितली. यानं पहाटे ती पाटीत घालून घरी नेली. पण कोंबडी दाणा खाईना, अंग फुलवून गुरगुरायला लागली, मोकळ्या जमिनीवरच पंख पसरून बसली. बायकोनं तिच्या पोटाखाली हात घातला तर अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखं पोट पिसं गळून उघडं आणि गरम.

"बायको भडकली, साहेब. म्हनाली, हिला अंड्यांवरनं उठवून आनलास? आपल्या पोरीसाठी हिची पोरं मारतोस? जा, अंडी घेऊन ये. पिल्लं निघाल्यावर मग बघू."

म्हणून तो परत गेला होता. बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यानं अंडी आणली आणि कोंबडीखाली सारली. तेव्हापासून ते दोघं एकीकडे पोरीचा ताप आणि दुसरीकडे अंडी बघत बसले होते.

मी जीप काढली. कंपाउंडर, दोन पंच आणि आरोपी, सगळे नवापूरला. झोपडीच्या एका कोपऱ्यात मासळीच्या टोपलीत कोंबडी, दुसऱ्या कोपऱ्यात चटईवर पोर. कंपाउंडर आधी कोंबडीकडे धावले. एक अंडं कानाशी धरलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "आतून टोचतायत! आज निघणार!"

एक पंच गोंधळला. "साहेब, पंचनाम्यात अंडी लिहायची का पिल्लं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात कंपाउंडर मागे वळले आणि त्यांना चटई दिसली. त्यांनी पोरीची जीभ पाहिली, पोट दाबलं. "साहेब, हा विषमज्वर आहे. आत्ताच्या आत्ता पालघरच्या दवाखान्यात न्या हिला."

आई पोरीला धरून बसली. "आज नको! आज पिल्लं निघतील, कोंबडी मोकळी होईल. एवढे दिवस थांबलो, आज एक दिवस!"

मी ओरडलो, समजावलं, पुन्हा ओरडलो. ती हलेना. पोरीचा श्वास उथळ होत होता आणि तिकडे टोपलीत टोचण्याचा आवाज चालूच होता.

कंपाउंडर उठले. टोचत असलेल्या अंड्यांवरून त्यांनी कोंबडी उचलली. अशा वेळी आई उठली की पिल्लं आतच सुकून मरतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी ती पोरीच्या आईच्या हातात दिली.

"उतरवा हिच्यावरून. कापायची तर कापा. पण मग गाडीत बसा."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग रडत रडत तिनं कोंबडी पोरीवरून उतरवली. कोयता भिंतीलाच होता. नवऱ्यानं तो पुढे केला. तिनं मान हलवली, टोपलीशी गेली, कोंबडी पुन्हा अंड्यांवर ठेवली आणि पोरीला उचलून जीपमध्ये बसली.

आरोपीलाही मी सोबत घेतलं. फिर्यादी मात्र आरोपीच्या घरात कोंबडी राखत बसले. असला तपास मी पुन्हा कधी केला नाही. वरिष्ठांनी मला त्यावरून चांगलं झाडलंही.

काही पिल्लं मेली, काही जगली. पोरगीही जगली. या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. खोटं बोलताना माणूस सावध असतो, पण त्याच्या माणूसपणावर बोट ठेवलं की तो सगळं विसरून खरं बोलतो. त्यानंतर चौकशीत मी धमक्या कमी दिल्या आणि माणसाला कशाचा राग येतो तिकडे जास्त लक्ष दिलं.

कोर्टात कंपाउंडर तडजोडीचा अर्ज घेऊन आले होते. तापानं डोक्यावरचे केस गळून गेलेली ती पोर आईच्या कडेवर होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोपीला विचारलं, कोंबडी आणि अंडी चोरल्याचा गुन्हा कबूल आहे का?

तो हात जोडून म्हणाला, "कोंबडी चोरली, ते कबूल हाय, साहेब. अंडी मी चोरली नाय. ती तिची तिला नेऊन दिली."