उलटी गाठ

सारसोळेच्या जेट्टीवर बायकांचा गट बसतो. खाडीतून, खारफुटीतून काढलेली फाटकी जाळी धुवायची, कापायची आणि त्यांच्या पिशव्या शिवून नेरूळच्या सोसायट्यांत विकायच्या, हे त्यांचं काम. कात्री लागण्याआधी प्रत्येक जाळं सरस्वतीच्या हाताखालून जायचं. ती गाठ न् गाठ चाचपायची. "मावशी फार चोखंदळ," असं बायका म्हणायच्या.

चोखंदळपणा कसला! नवं जाळं आलं की ती धास्तावायची. तिचा नवरा धर्मराज होडी घेऊन खाडीत गेला, तो परत आलाच नाही. ना होडी सापडली, ना जाळं. तो बुडाला, असं लोक हळूहळू कुजबुजायला लागले. "काय सापडलं काय तुमाला? मग तोंड बंद ठेवा," असं सरस्वतीने ठणकावलं आणि हातातला हिरवा चुडा उतरवला नाही. धर्मराज डावखुरा होता. त्याने सांधलेल्या जाळ्याची गाठ उलटी बसायची. अख्ख्या गावात तशी गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती.

आज गटातल्या सुचिताने चिखलाने माखलेलं एक जाळं तिच्या पुढ्यात टाकलं. चाचपता चाचपता सरस्वतीची बोटं थबकली. गाठ उलटी होती. पुढचीही उलटीच.

तिने जाळं गोळा करून पदराखाली घेतलं. बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगट घट्ट धरलं.

"हे नको गो, कुजलेलं हाय."

सुचिता हसली. "मावशी, नायलॉन कधी कुजतं का?"

नाही कुजत. म्हणूनच तर ती इतकी वर्षं भीत होती.