डाव्या बाजूचा हात

मी गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस. सगळा जन्म त्यातच गेला. तारेत करंट आहे का नाही हे बघायचं तर टेस्ट लॅम्प लावायचा — पेटला तर आहे, नाही पेटला तर नाही. भुतंखेतं, बाहेरचं, लागीर वगैरे... या सगळ्यालाही मी तोच न्याय लावत आलो. गावी कोणी देवचाराच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून अंगणात विडी ओढायला जायचो. या सदरातले अनुभव वाचून मी हसलेलो आहे, हेही कबूल करतो. तरी आज लिहायला बसलोय. कारण हे माहीत असलेला माझ्याशिवाय एकच माणूस उरलाय, आणि तोही आता थकलाय.

गोष्ट १९८५-८६ च्या सुमाराची. आम्ही तेव्हा घाटकोपरला, असल्फ्याच्या बाजूला राहायचो — मी, माझी बायको सुलभा आणि आई. माझं दुकान साकीनाक्याला. दुकान म्हणजे काय, मेन रोडवरून डावीकडे वळणारी एक गल्ली, तिच्यात पत्र्याच्या शेड्स, त्यातली एक अर्धी माझी आणि अर्धी पास्कलची. पास्कल मरोळ गावठाणातला, गाड्यांचं पत्र्याचं काम करायचा. त्याच गल्लीच्या टोकाला औषधांचा एक छोटा कारखाना होता, तिथे सुलभा पॅकिंगला होती.

आता गाडीबद्दल. जुहूला एक म्हातारे साहेब राहायचे, त्यांच्या बंगल्याच्या आवारात एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार पडून होती. मेक, म्हणजे कंपनीचं नाव, लिहीत नाही, मुंबईत तशा मोजक्याच होत्या, ओळखणारे लगेच ओळखतील. पन्नासच्या सुमाराची, लांब बॉनेटची, सायकलसारख्या तारांची चाकं, वर कापडी हूड, दरवाज्यांना काचाच नाहीत. साहेब कायमचे मुलीकडे परदेशी निघाले तेव्हा भंगारवाला गाडी न्यायला येणार होता. मी त्यांच्या घरची वायरिंगची कामं करायचो. ते म्हणाले, "तू घेऊन जा. निदान चालव तरी."

टेम्पोला बांधून आणली. दोन वर्षं मी आणि पास्कल दुकान बंद झाल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यावर राबलो. पार्ट मिळायचे नाहीत. जे मिळेना ते लेथवर करून घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या गाडीचं घासून बसवायचं. शेवटी एकदा इंजिन चालू झालं तेव्हा पास्कलने हातातला हातोडा खाली टाकून मला मिठी मारली होती. गल्लीतले लोक म्हणायचे, खायला कोंडा आणि फिरायला विमान! म्हणू देत. मला त्या गाडीचं वेड होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त सुलभाला.

गाडीला सीटा दोनच. आईने गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिला एवढंच दिसलं. आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आई म्हणाली, "तिसरो खंय बसतलो?" मला ते लागलं. सुलभाने मात्र हसून उत्तर दिलं, "तिसऱ्याक येव दे आधी, मगे गाडी विकूया." तो तिसरा काही आला नाही, त्यामुळे गाडीही राहिली.

रोज सकाळी आम्ही दोघं त्याच गाडीने साकीनाक्याला जायचो. रविवारी सकाळी जुहूला, किनाऱ्यावर नारळपाणी प्यायचं आणि ऊन चढायच्या आत परत. आणि इथेच माझी चूक झाली... चूक म्हणजे आळस. गाडीचा उजवा इंडिकेटर चालायचा, डावा चालत नव्हता. सुलभाच्या सीटखालून मागे जाणारी एक तार कुठेतरी गंजली होती. सीट काढायची, तार बदलायची, सीट बसवायची — दहा मिनिटांचं काम. अख्ख्या साकीनाक्याचे इंडिकेटर मी दुरुस्त करायचो आणि माझ्या स्वतःच्या गाडीचा बंद. पास्कल त्यावरून माझी रोज खेचायचा. पण पहिल्याच दिवशी वळताना मी "अरे, लाईट नाही" म्हटलं आणि सुलभाने पटकन डावा हात बाहेर काढून सरळ धरला. मागचा टेम्पो थांबला. तिला त्याची इतकी मजा वाटली की मी दुसऱ्या दिवशी सीट काढायला घेतली तर म्हणाली, राहू दे ना, मी आहे ना.

मग तेच ठरून गेलं. डावीकडे वळायचं असलं की मी काही बोलायचो नाही, गियर बदलला की ती समजायची. हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर यायचा, अगदी ताठ, शाळेत कवायतीला धरतात तसा. त्या रोडवरचे टेम्पोवाले, रिक्षावाले तिला ओळखायला लागले होते. कोणी हॉर्न देऊन सलाम करायचा. ती लाजायची, पण हात खाली घ्यायची नाही.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर तिला ताप यायला लागला. मग कावीळ निघाली. गावचं औषध झालं, डॉक्टरचं झालं. मध्ये बरी वाटली, कामावरही चार दिवस गेली, आणि मग एकदम पडलीच. एका दुपारी मी तिला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी सलाईन लावलं. उजव्या हाताची शीर सापडेना, म्हणून डावा घेतला, त्यासाठी बांगड्या उतरवल्या. तासाभराने डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, वेळ घालवू नका, मोठ्या हॉस्पिटलात न्या. सुई काढली, वर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली. टॅक्सी बघायला गेलो तर एक मिळेना. मी तिला उचलून आमच्याच गाडीत बसवली. आई घरी होती, आणि सोबत असती तरी तिला बसायला जागा कुठे होती? गाडीत आम्ही दोघंच.

वाटेत ती डोळे मिटून होती. मान एका बाजूला कललेली. हॉस्पिटलचं गेट डावीकडे होतं. मी गियर बदलला आणि बघतो तर तिने हात बाहेर काढला. धरवत नव्हता, कोपरातून खाली जात होता. ओका हात, मनगटाजवळ ती पांढरी पट्टी. मी म्हटलं, "सुलभा, राहू दे गं."

ती डोळे न उघडता म्हणाली, "मागच्याक कळाक नको?"

हे तिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. आत नेल्यावर ती शुद्धीत अशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला नवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. दवाखान्यातली ती पट्टी वगैरे काही तेव्हा हातावर नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय, पुढे त्याचं काम आहे. पास्कल त्या महिन्यात वसईला बहिणीच्या घराचं छप्पर घालत होता. त्याला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी बसने दुकानावर जायला लागलो. गाडी कापड घालून घराखाली उभी. दीड महिना मी तिच्याकडे बघितलं नाही. पास्कल मागे लागला, बॅटरी मरेल, टायर बसतील, एकदा तरी चालव. तेव्हा एका सकाळी मी कापड काढलं. डाव्या सीटवर तिचा डोक्याला बांधायचा रुमाल पडलेला होता. तो खिशात घातला आणि निघालो. रडायला येत होतं, पण ट्रॅफिकमध्ये रडतो कोण... गल्लीपाशी आलो, गियर बदलला आणि वळलो. त्या वेळी माझ्या डोक्यात इंडिकेटर नव्हता की काही नव्हतं.

दहाएक मिनिटांनी एक टेम्पोवाला दुकानात आला. गल्लीतल्या कारखान्यांचा माल न्यायचा, तोंडओळखीचा. म्हणाला, तुझ्या मागेच होतो, वहिनींना सांग हात एवढा बाहेर काढू नका, नाक्यावर बसेस घासून जातात. मला वाटलं हा थट्टा करतोय. मी त्याची कॉलरच धरली. पास्कलने सोडवलं आणि त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्या माणसाचं तोंड उतरलं. तो माझ्या पाया पडायला लागला, पण आपण बघितलं नाही असं काही म्हणेना.

मी कारण शोधायला लागलो. हूडच्या कापडाची एक पट्टी सुटली होती, म्हटलं तीच वाऱ्यावर बाहेर येत असेल. ती शिवून घेतली. म्हटलं, या माणसाला तो हात बघायची सवय, दिसला असेल त्याला सवयीने. पण त्या आठवड्यात आणखी दोघांनी तेच सांगितलं, आणि त्यातला एक रिक्षावाला त्या रोडवर नवीन होता. त्याला माझी बायको होती हेच माहीत नव्हतं. मी रोज वळताना डावीकडे बघायचो. मला सीट दिसायची. रिकामी.

शेवटी पास्कलला म्हटलं, तू स्कूटर घेऊन माझ्या मागे ये. तो माझ्यासारखाच. चर्चला जायचा तो सुद्धा आईच्या धाकाने. म्हणाला, चल, एकदाचं तुझं समाधान करू. सकाळी साडेदहाची वेळ, लख्ख ऊन. मी मरोळ नाक्यापासून फिरून आलो, वाटेत दोनदा डावीकडे वळलो आणि तिसऱ्यांदा आमच्या गल्लीत. गाडी लावली, मागे बघतो तर पास्कल नाही. चालत गल्लीच्या तोंडाशी गेलो. स्कूटर स्टँडला लावून तो कडेला एका दगडावर बसला होता.

"दिसला?" मी विचारलं.

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तिन्ही वेळा दिसला रे. पण तिच्या बांगड्या कुठे गेल्या?" आणि मग स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून म्हणाला, "इथे काय लागलेलं तिला? पांढरी पट्टी आहे. आणि हात तिला धरवत नाहीये यार... खाली पडतो, परत वर घेते."

त्या दुपारचा गाडीबाहेर काढलेला तो हात माझ्याशिवाय कोणी बघितला नव्हता. मी कोणाला सांगितलाही नव्हता, आईलासुद्धा नाही. आम्ही तिला चुडा भरून, सगळं नीट करून पाठवली होती, आणि ती त्या दुपारपासून उतरलीच नव्हती. अंगात ताकद नसताना रोज माझ्यासाठी हात बाहेर काढत होती. का, तर मी दहा मिनिटांचं काम केलं नव्हतं म्हणून. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

पास्कल म्हणाला, चर्चमध्ये तिच्या नावाने मास सांगू का, तुझ्या देवळात काही करायचं का. मी म्हटलं, पाना दे.

त्याच दिवशी मी सीट काढली. खाली तिची एक केसांची पिन होती आणि शेंगदाण्याची टरफलं. तार बदलली, टेस्ट लॅम्प लावला, पेटला. सीट परत बसवली. तिथे हात ठेवून मी म्हटलं, झालं गं, आता राहू दे. मोठ्याने म्हटलं, पास्कल शेजारी उभा होता तरी. मग परत मी पुढे, तो मागे. गल्लीपाशी वळताना डॅशबोर्डवर डाव्या बाजूचा दिवा उघडमिट करायला लागला. गाडी लावल्यावर पास्कल जवळ आला आणि नुसती मान हलवली. लाईट दिसला, म्हणाला. बाकी काही नाही.

त्या दिवसानंतर कोणालाच काही दिसलं नाही.

आता आई नाही. मी मुलुंडला राहतो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे, महिन्यातून एकदा चालवतो. पोरं फोटो काढायला येतात. पास्कल मरोळलाच असतो. फोनवर आम्ही सगळं बोलतो, हे सोडून.

याचा अर्थ मला लागलेला नाही. करंट कुठून येत होता, मला माहीत नाही. आपण तिला सोडवलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण तिला जगात बसायला तेवढीच एक जागा उरली असेल आणि मी तिथून तिला उठवलं असेल तर? आणि एक गोष्ट आहे, ती सांगायची लाज वाटते. टेम्पोवाल्याला दिसली, रिक्षावाल्याला दिसली, पास्कलला तीनदा दिसली. मी तिच्या शेजारी बसून गाडी चालवत होतो, मला एकदाही दिसली नाही.

तो इंडिकेटर परत बंद पाडायला, ती तार सोडवायला, दहा मिनिटं पुरतील. पाना हातात घेऊन मी पुष्कळदा त्या सीटपाशी जाऊन बसलो आहे. तिचा हात खाली पडत होता, हे आठवतं आणि उठतो.