पोट फुगलेली गिटार

ताईंचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये एका कपाटाला बिजागऱ्या लावत होतो. "शुक्रवारी मोकळे आहात ना? लेकीला नवी गिटार घ्यायचीय. तुम्ही लाकडातले, तुम्हीच बघून द्या." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. गिटार मी जन्मात कधी हातात धरली नव्हती.

पण ताईंना नाही म्हणणं माझ्याच्याने होत नाही. इथे ओमानात माझी पहिली कंपनी बंद पडली तेव्हा हातात एक कागद दिला होता, इंग्रजी आणि अरबी. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. बोट दाखवतील तिथे सही केली असती. तेवढ्यात मदिनत सुलतान काबूस वस्तीत ताईंच्या घरी खिडकीच्या कामाला जाणं झालं. त्यांनी तो कागद मागून घेतला, ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवली, सही केली तर गावी परत जावं लागेल हे सांगितलं, आणि त्यांच्या यजमानांनी, म्हणजे साहेबांनी, माझ्या आताच्या अर्बाबकडे, मालकाकडे, शब्द टाकला. आज मी ओमानात आहे तो त्या दोघांमुळे.

शुक्रवारी गाडीत साहेबांनी सगळं सांगितलं. मुलगी बारा वर्षांची. पहिली गिटार ऑनलाइन मागवलेली, तिच्या तारा इतक्या उंच की दाबून दाबून बोटांना फोड आले आणि तिने क्लास सोडला. आता पुन्हा जाते म्हणते. "ही शेवटची," साहेब म्हणाले. "ही पण सुटली तर विषय बंद." मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

अल खौद भागातलं वाद्यांचं दुकान लहानसं होतं. दार सारखं उघडत होतं. बाहेरची दमट हवा आत, आतला एसी बाहेर. दुकानदार गोव्याचा, हिंदीत बोलणारा. मी सवयीने एका गिटारीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, तर तो म्हणाला, "मिस्त्री, दरवाज़ा लेने आए हो क्या?" साहेब हसले. मीही हसलो, आणि हात मागे घेतला.

मुलीने तीन वाजवल्या. तिसरी गडद तपकिरी, आरशासारखं पॉलिश. ती छेडली आणि तिचा चेहराच बदलला. "पप्पा, धिस वन." आवाज खरंच भरदार होता, मलाही कळला. साहेबांनी पाकिटाला हात घातला.

मी ती गिटार उचलली आणि एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली, फळी सरळ आहे का बघतो तशी. दांडी ठीक होती. मग आडवी धरून पेटी पाहिली. तारा जिथे बांधतात त्या घोडीच्या मागे लाकूड वर आलं होतं. फार नाही, नखाएवढं. इथे दमट हवेत दारं फुगतात, चौकटीत अडकतात. ती रंधून रंधून माझी वर्षं गेली. हे तेच होतं. घोडी वर उचलली की तिच्यावरच्या ताराही वर.

बोलू की नको? मी चुकलो तर पोरीची आवडती वस्तू हिरावली जाणार. गप्प बसलो तर पुन्हा फोड. शिकलेल्या माणसांत मी सहसा गप्पच बसतो, आणि आजवर त्यात माझं काही बिघडलं नाही. पण या वेळी बिघडलं असतं ते तिचं.

"साहेब, हिचं पोट फुगलंय."

"थोड़ा तो सब का होता है," दुकानदार म्हणाला.

"नक्की का?" साहेबांनी मला विचारलं.

नक्की कसं सांगणार? मी मुलीला म्हटलं, "बाळा, आतापर्यंत टोकाकडेच वाजवलंस. आता इकडे, पेटीजवळ दाब बघू."

तिने दाबलं. पुन्हा दाबलं. तार खाली जाईना. "इथे... दुखतंय, काका." तिचे डोळे भरले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानदाराने आतून एक खोका आणला. साधी, बिनचमकीची गिटार. तिच्या मधल्या भोकाच्या कडेला मला थर दिसले. प्लायवूड. सुताराने प्लायची शिफारस करायची म्हणजे जिवावरच येतं. पण प्लाय फुगत नाही, हेही खरं. मुलीने टोकापासून पेटीपर्यंत बोटं फिरवली. दुखलं नाही. "सोपी आहे," ती म्हणाली, "पण आवाज छोटा आहे. काका, तुम्ही सांगा ना."

"मला लाकडातलं कळतं तेवढं सांगितलं, बाळा. आवाजातलं तू सांग."

तिने दोन्ही आलटून पालटून वाजवल्या, बराच वेळ. शेवटी साधी घेतली. आम्ही घरी परत आलो. दारात ताईंनी विचारलं, "कशी मिळाली?" तर म्हणाली, "काकांनी निवडली." निवडली होती तिनेच, पण तिथे काय वाद घालणार?

तेव्हापासून ताईंचा फोन आला की वाटतं, आता गिटारीचंच निघणार. त्या ड्रॉवर अडकल्याचं सांगतात, नळाखालच्या फळीचं सांगतात. गिटारीचं मी विचारत नाही. धीर होत नाही. परवा मात्र त्या बोलत असताना मागून तारांचा आवाज आला. चार सूर, मग चूक, मग पुन्हा पहिल्यापासून. परत चूक, परत पहिल्यापासून.

"थांबा हं, तिच्या खोलीचं दार लावते," ताई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येत नसेल."

"राहू द्या, ताई," मी म्हटलं. "येतंय ऐकू."